काकाचा घटनात्मक आजार

मला इंग्रजी येतं असा आमच्या घरात एक समज होता. तो मी कष्टाने निर्माण केला होता आणि त्याहून जास्त कष्टाने टिकवला होता. डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत, आमच्या मजल्यावर, कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे औषधाच्या बाटलीपासून कोर्टाच्या समन्सपर्यंत जे काही इंग्रजीत असेल ते माझ्यापुढे यायचं. मी कपाळाला आठी घालून वाचायचो. शब्द अडला की आठी जरा जास्त घालायचो. लोकांना वाटायचं, पोरगा खोल विचार करतोय.

या आठीची किंमत माझ्या काकीने डाव्या मनगटाने मोजली. ते मनगट अजून वाकडं आहे.

काका फौजेतून परत आला तो संपाच्या वर्षी. आबा, म्हणजे माझे वडील, त्याचे थोरले भाऊ. ते गिरणीत साचेखात्यात, मागावर होते आणि संप सुरू होऊन दोनेक महिने झाले होते, म्हणजे दिवसभर घरातच. काकी आणि तिची दोन वर्षांची पोरगी आधीपासून आमच्यातच राहायच्या. काकी परळच्या इस्पितळात आया होती. काका आला तो काळी पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि एक कागद घेऊन. मेडिकल बोर्डाने त्याला नोकरीला नालायक ठरवून घरी पाठवलं होतं. अपंगत्वाच्या पेन्शनचा निर्णय मागाहून कळवू, असं त्या कागदात होतं.

पंचाईत अशी की काकाचं काहीच गेलेलं नव्हतं. चाळीत अपंग म्हणजे हात नाही, पाय नाही, निदान एक डोळा तरी नाही. काका खांबासारखा उभा. लोक त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे, काय कमी झालंय ते शोधायचे, आणि निराश होऊन निघून जायचे.

काय गेलंय ते आम्हाला तिसऱ्या दिवशी दुपारी समजलं. सगळे जेवायला बसलेलो. काकाने घास तसाच ठेवला आणि डाव्या कानावर तळवा दाबला.

"दादा, भोंगा झाला," तो आबांना म्हणाला.

"कसला भोंगा? गिरणी बंद आहे ना बाबा," आबा म्हणाले. "संप आहे."

काका उठला. कोपऱ्यातला लोखंडी बत्ता त्याने उचलला आणि पहिल्या घावात पाण्याचा माठ फोडला. दुसऱ्यात भिंतीचा गिलावा. तिसरा आईच्या डोक्यावरून गेला आणि दाराच्या चौकटीत रुतला. बत्ता निघेना तेव्हा त्याने आबांचा गळा धरला आणि त्यांचं डोकं त्याच चौकटीवर आपटायला लागला, एका लयीत, शांतपणे, गादी झोडावी तसं. आबांच्या कानातून रक्त यायला लागलं. शेजारच्या दोन खोल्यांतले चौघे आले तेव्हा कुठे तो सुटला. मी काय करत होतो? मी माझं ताट वाचवलं. वरणभात होता.

दहा मिनिटांनी काका भिंतीला टेकून बसला होता, घामाने निथळत. "माठ कुणी फोडला?" त्याने विचारलं. मग त्याने सगळ्यांची तोंडं पाहिली, आबांची मान पाहिली, आणि उठून ट्रंकेतला फौजेचा जाड पट्टा काढून आबांच्या हातात दिला. "दादा, भोंगा झाला म्हटलं की बांध मला. विचारत बसू नको."

तेव्हापासून घराची ती रीत झाली. पट्टा खिडकीजवळच्या खिळ्याला. काका कानावर हात ठेवून म्हणायचा, "झाला," आणि आबा त्याचे दोन्ही हात खिडकीच्या गजाला आवळायचे. काका गज उखडायला बघायचा, आईबहिणीवरून शिव्या द्यायचा, स्वतःचं डोकं भिंतीवर मारायचा. मग शांत. बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा अख्ख्या गिरणगावात एकट्या माझ्या काकालाच ऐकू यायचा.

पत्र आलं ते याच दिवसांत. सरकारी, इंग्रजी, सायक्लोस्टाईल केलेलं. नाव तेवढं टाईप केलेलं. मजल्यावरचे पंधरा-वीस जण दारात जमले. मी आठी घातली.

त्यात लिहिलं होतं की काकाची डिसेबिलिटी 'कॉन्स्टिट्यूशनल इन नेचर' आहे. हा शब्द मला येत होता. नुसता येत नव्हता, तोंडपाठ होता. कॉन्स्टिट्यूशन म्हणजे घटना! ज्यांनी ती लिहिली त्यांची तसबीर आमच्या भिंतीवर, निळा कोट, चष्मा, हातात तेच पुस्तक. आमच्या चाळीतलं शेंबडं पोरसुद्धा घटना म्हटलं की ताठ उभं राहायचं.

"काकाचं अपंगत्व," मी घसा साफ करून म्हणालो, "घटनात्मक स्वरूपाचं आहे."

काकीने डोक्यावर पदर घेतला.

पुढे 'नॉट कनेक्टेड विथ सर्व्हिस' असं होतं. मी सांगितलं, आता नोकरीशी संबंध राहिला नाही, म्हणजे परत बोलावणार नाहीत. त्याच्या पुढे, दावा 'डिस्पोज्ड ऑफ'. मी सांगितलं, दावा निकाली निघाला. आणि शेवटी, सहा महिन्यांच्या आत 'अपील प्रिफर' करता येईल. प्रिफर म्हणजे पसंत करणं. "अपिलाची हौस असेल तर सहा महिन्यांत करा म्हणतात," मी म्हणालो.

"कशाला करायचं अपील?" आबा म्हणाले. "घटनेने दिलंय ना? मग त्याच्यावर अपील करायचं आपण?"

आईने होती नव्हती ती साखर काढून शिरा केला. संपाच्या दिवसांत शिरा म्हणजे काय ते ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांनाच कळेल. तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, वंदना झाली. काकाला खुर्चीत बसवलं. तो ओशाळून हसत होता. घटनात्मक आजार असलेला चाळीतला पहिला माणूस! एका म्हाताऱ्याने तर मला विचारलं, "बाबू, हा कितव्या कलमात बसतो रे?" मी म्हणालो, बघून सांगतो.

मग आम्ही पेन्शनची वाट बघायला लागलो. एक महिना, दोन महिने, सहा महिने. सरकारी काम म्हणजे उशीर व्हायचाच, मी सगळ्यांना समजावत होतो.

तोवर संप चिघळला. काही जण पोलिसांच्या बंदोबस्तात कामावर जायला लागले होते. एका दुपारी कामावर गेलेल्यांची गाडी परतताना आमच्या कोपऱ्यावर दगडफेक झाली. पोलीस काठ्या घेऊन चाळींच्या मधल्या अंगणात घुसले. जो हाताला लागेल त्याला झोडत होते, म्हाताऱ्यांना, अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या बायकांना. अश्रुधुराचं नळकांडं आमच्या खिडकीखाली येऊन फुटलं.

त्या आवाजासरशी काका खिडकीपासून नाहीसा झाला. "झाला" म्हणायला त्याला वेळच मिळाला नाही. आबा पट्टा हातात घेऊन उभेच राहिले.

मी त्याच्यामागे जिन्यावर धावलो. खाली आमच्या पोरांनी कामावर गेलेल्या एकाला जिन्याजवळ कोंडलं होतं. पलीकडच्या चाळीतला माणूस, माझ्या वर्गातल्या एकाचा बाप. पोरं त्याला ढकलत होती, शिव्या देत होती; अजून हात कुणी उचलला नव्हता. काका गर्दी फोडून आत गेला आणि त्याने त्या माणसाला कवायतीसारखं मारलं. आधी गुडघा. तो वाकला तेव्हा कोपर. पडला तेव्हा जबड्यावर बूट. हाड मोडल्याचा आवाज मी चार पावलांवरून ऐकला. त्याचा डबा उघडून भाकरी आणि सुकट रक्तात पडली, आणि काका तरी थांबेना.

"फौजी! फौजी!" पोरं ओरडायला लागली.

मीही ओरडलो. जोरात ओरडलो. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. घरातले हे वाचणार नाहीत अशी आशा आहे.

त्या माणसाचा जबडा तारेने बांधला. तो कित्येक महिने नळीने पेज प्यायला. त्याचा मुलगा माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही. काकावर केस झाली, चार दिवस कोठडीत राहून तो सुटून आला तेव्हा पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन अख्ख्या चाळींना फेरी मारली. गळ्यात झेंडूचा हार. काका मला हळूच म्हणाला, "काय केलं रे मी? सांग ना. मला कुणी सांगतच नाही."

दुसऱ्या सकाळी पोरगी त्याच्या पाठीमागे खेळत होती. तिच्या हातून पितळी परात फरशीवर पडली.

काका गरकन वळला. समोर पोरगी. त्याचा हात वर गेला तो परातीसकट. काकी चुलीपासून उडी मारून मध्ये पडली आणि तिने डावा हात आडवा धरला. मनगट मोडलं. हाड चामडी फाडून बाहेर आलं, पांढरं, ओलं. काका दुसरा घाव घालणार तोच आबांनी मागून त्याच्या कानशिलात बत्ता हाणला आणि तो पोरीच्या शेजारी कोसळला. मी दारात होतो. मला एवढंच आठवतं की मी आठी घातली होती.

काकी ओरडली नाही. हात पदरात गुंडाळून ती उठली आणि दारात जमलेल्या पोरांना म्हणाली, "बाहेर हाणलं की फौजी, आणि घरात हाणलं की येडा. हात तर एकच आहे ना रे? काल हार घातलात, आज कुठे घालता?"

ती स्वतःच्या इस्पितळात चालत गेली. जाताना बटव्यात ते पत्र होतं. ते ती तेव्हा कायम जवळ बाळगायची, घटनेचं पत्र म्हणून. प्लॅस्टर वाळेपर्यंत तिने ते डॉक्टरला वाचायला दिलं.

दुपारी ती परत आली. गळ्यात झोळी, झोळीत हात. काकाला आबांनी गजाला बांधून ठेवलं होतं. तो शुद्धीवर होता आणि रडत होता. काकीने पत्र माझ्यापुढे टाकलं.

"वाच."

मी वाचायला घेतलं.

"ती आठी काढ आधी," काकी म्हणाली. मी काढली. "कॉन्स्टिट्यूशनल म्हणजे काय म्हणालास?"

"घटनात्मक."

"डॉक्टर म्हणाला, मावशी, पिंड. माणसाचा पिंडच तसा आहे म्हणतायत. मिलिटरीने काही केलं नाही, जन्मताच असा आहे, म्हणून पेन्शन नाही. असं लिहिलंय."

आमच्यात पिंड ठेवत नाहीत, कावळ्याला बोलावत नाहीत. तो शब्द आमच्या घरात कधी आलाच नव्हता. आला तो असा आला, आणि घटनेचे कपडे घालून आला, आणि त्याला शिरा खाऊ घातला आम्ही.

"मग निकाली निघाला म्हणजे?" आबांनी विचारलं.

"फेटाळला," मी म्हणालो. आता सगळंच लख्ख दिसत होतं. "फेटाळलाय, आबा."

आबांनी मला दोन थोबाडीत दिल्या. त्या मी हक्काच्या समजून घेतल्या. तिसरी द्यायला हात उचलला तेव्हा काकी म्हणाली, "दादा, राहू द्या. एवढ्यांचं मारून झालंय, तुम्ही कशाला राहिलात?" मग ती माझ्याकडे वळली. "हे बघ बाबू. हा शब्द खरा असेल तर मी आत्ताच्या आत्ता पोरीला घेऊन घोडपदेवला जाते, आईकडे. पण खरा असेल तर जाऊन तरी काय? पिंड म्हणजे रक्तातच ना? मग हिच्यातही आलाच. उद्या हिनेही परात उचलायची कुणावर. मला पेन्शन मिळो न मिळो. तो शब्द काढून दे. तू आणलास घरात, तूच काढ."

"मी कुठे आणला, काकी? पोस्टमनने..."

"काढ."

गजाशी बांधलेला काका इतक्यात म्हणाला, "दादा, मी लहानपणी मारायचो काय रे कुणाला?"

आबांकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, बहुधा हाताने. या वेळी ते तोंडाने आलं, फरशीकडे बघत.

"नाही," ते म्हणाले. "तुला मी मारायचो."

अपिलं लिहून देणारे एक निवृत्त सुभेदार ठाकूरद्वारच्या एका वाडीत राहायचे. एक खोली, एक टाईपरायटर, दाराबाहेर माजी सैनिकांची रांग. आबा, मी आणि काका असे गेलो. त्यांनी पत्र वाचलं, मग माझं भाषांतर ऐकलं, आणि खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले.

"घटनात्मक! म्हणजे राष्ट्रपतींच्या सहीने येडा!" डोळे पुसत त्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि हसू थांबवलं. "आणि प्रिफर म्हणजे हौस नव्हे, लेका. प्रिफर म्हणजे दाखल करणं. सहा महिने उलटून पाच आठवडे झाले." माझ्याकडे बघून म्हणाले, "काय शिकतोस तू?"

"इंग्लिश लिटरेचर."

"असं!" ते म्हणाले. मग काकाकडे वळले. "भोंगा कुठल्या कानात वाजतो, जवान?"

"डाव्या, साहेब."

"डावीकडे काय फुटलं होतं?"

काकाने आम्हाला जे कधीच सांगितलं नव्हतं ते त्या माणसाला उभ्याउभ्या सांगितलं. हातगोळे फेकण्याचा सराव होता. खड्ड्यात याच्या डावीकडचा जोडीदार. त्याने पिन काढली आणि तो गोठला, फेकेना. "मी ओरडलो, टाक, टाक. तो माझ्याकडे बघत राहिला. मग फुटला. मी दगडावर आपटलो. डोळे उघडले तर माझ्या छातीवर त्याचा पंजा होता, साहेब. मनगटापासून. बोटं हलत होती असं मला वाटलं. मी झटकला. पाल झटकावी तसा झटकला." दोन दिवस त्याला काही ऐकू आलं नाही. पलटणीतल्या साहेबांनी दोन दिवस आराम दिला आणि लिहून काही ठेवलं नाही. चौकशीच्या कागदात काकाचं नाव साक्षीदार म्हणून आलं, जखमी म्हणून नाही.

"रक्त नाही तर जखम नाही," सुभेदार म्हणाले. "पुढे डोकं फिरलं की पिंड." आणि त्यांनी कार्बन लावला.

अपिलाला दोन प्रतिज्ञापत्रं जोडायची होती. एक माझं, उशीर का झाला त्याचं. सुभेदारांनी ते सांगून लिहवून घेतलं, स्टॅम्पपेपरवर: मी, वय वर्षे एकोणीस, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की मला इंग्रजी समजत नाही. खाली सही. मी ती सही मुद्दाम इंग्रजीत केली. तेवढाच अब्रूचा तुकडा.

दुसरं आबांचं. काका भरतीआधी कसा होता ते सांगायला दुसरं कुणी नव्हतं. आबांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, लिही. गावी आमचा बाप लवकर गेला, धाकट्याला मी वाढवला. वाढवला म्हणजे मारून वाढवला. गुरांच्या दाव्याने मारला, चुलीतल्या लाकडाने मारला. एकदा विहिरीवर त्याचा खांदा निखळवला. तो भाताच्या कणगीत लपायचा. त्याने माझ्यावर कधी हात उचलला नाही, दुसऱ्या कुणावर उचललेला मी पाहिला नाही. मारकुटा मी आहे, तो नाही. आमच्यात कुणाचा पिंड वाईट असेल तर माझा आहे.

"हे असंच लिहू?" मी विचारलं.

"एक शब्द बदललास तर बघ," आबा म्हणाले. मारहाणीच्या कबुलीत मारायची धमकी, हे आमचे आबा.

सुभेदारांना ताप होता, म्हणून या मजकुराचं इंग्रजी मी केलं. नुकतंच मला इंग्रजी येत नसल्याचं शपथेवर सांगून झालं होतं, पण घाई होती.

पहिलं अपील उशीर झाला म्हणून फेटाळलं. काकीने दारातूनच विचारलं, "शब्द गेला?" मी मान हलवली. दुसरं अपील वर दिल्लीला गेलं. दोन वर्षांनी उत्तर आलं, नवीन काही आढळत नाही, आजार कॉन्स्टिट्यूशनल. "गेला?" "नाही, काकी." मग अर्ज, स्मरणपत्रं, पुन्हा अर्ज.

संप संपला असं कुणी जाहीर केलं नाही, तो नुसता विरत गेला. आबा साच्यावर परत गेले नाहीत. ते वॉचमन झाले, आणि एका उन्हाळ्यात ड्युटीवरच गेले. गिरणीच्या जागी काचेची इमारत आली, तिच्या तळमजल्यावर आता कॉफी मिळते. मी मुन्शिपाल्टीच्या शाळेत मास्तर झालो. कुठला विषय ते विचारू नका. इंग्रजीच.

काकाला काकीच्या इस्पितळातल्या गोळ्या सुरू झाल्या. भोंगा लांब गेला, बंद झाला नाही. पट्टा खिळ्यालाच राहिला, दर महिन्या-दोन महिन्याला लागायचा. आणि घरात तो शब्द लपून बसला होता. पोरगी दहा वर्षांची असताना तिने वर्गातल्या एका मुलीच्या दंडात कंपास खुपसला. शाळेतून बोलावणं आलं. काकीने घरी येऊन दार लावलं आणि लाटणं घेऊन पोरीला असं काही मारायला लागली की मजला गोळा झाला. "पिंड काढते तुझा! मुळासकट काढते!" पोरगी कोपऱ्यात डोकं धरून बसलेली, कपाळ फुटलेलं. काका उठला. आम्ही सगळे मागे सरलो. त्याने खिळ्यावरचा पट्टा काढला, काकीच्या हातातलं लाटणं घेऊन बाजूला ठेवलं, आणि पट्टा तिच्या हातात देऊन तिच्याकडे पाठ करून बसला. "माझा आहे ना? मग मला मार."

काकी पट्टा टाकून मोरीत जाऊन बसली. रडताना तिला आम्ही तेव्हाच ऐकलं.

तीस वर्षांनी फौजेतल्या लोकांचे खटले ऐकणारं न्यायाधिकरण झालं आणि आमचा कागद तिथे लागला. सुभेदार पंच्याऐंशीचे होते, ऐकू येत नव्हतं, तरी काठी टेकत आले. वकील त्यांनीच बघून दिलेला. समोर दोघे बसलेले: एक न्यायमूर्ती आणि एक निवृत्त जनरल, साताऱ्याकडचे.

सरकारी वकिलाने चाळीच्या जिन्याजवळची जुनी केस काढली. या माणसाने एका निरपराध कामगाराचा जबडा मोडला, म्हणाला. स्वभावच हिंस्र. मला खाली बघावं लागलं. फौजी, फौजी असं माझ्याच आवाजात कानात घुमत होतं.

जनरलनी भरतीच्या वेळचा तपासणीचा कागद मागवला. काही मानसिक विकार, काही हिंसक वृत्ती, असा एक रकाना होता. तो कोरा होता. "घेताना तुम्हीच तपासलं," ते सरकारी वकिलाला म्हणाले. "तेव्हा सापडलं नाही. मग आता जन्मापासून कसं सापडतं?" मग त्यांनी आबांचं प्रतिज्ञापत्र उचललं, माझं इंग्रजी भाषांतर, आणि मोठ्याने वाचता वाचता अडखळले. चष्मा वर केला. "आय यूज्ड टू बाईट हिम?"

कोर्टात हशा पिकला. मारणं आणि चावणं यांत इंग्रजीत दोन अक्षरांचा फरक आहे, आणि तो मी तीस वर्षांपूर्वी केला नव्हता. मग लक्षात आलं: हा कागद पहिल्या अपिलाला जोडलेला होता, दुसऱ्याला जोडलेला होता, दिल्लीला जाऊन आला होता. आजवर तो कुणी वाचलाच नव्हता.

"तुमचा भाऊ तुम्हाला चावायचा?" जनरलनी मराठीत विचारलं.

काका उठून सावधानमध्ये उभा राहिला. छप्पन्न वर्षांचा, टक्कल पडलेला. "चावायचा नाही, साहेब. हाणायचा."

"आणि तुम्ही?"

"मी कणगीत लपायचो."

"कधीच उलटून मारलं नाही?"

"नाही, साहेब. मारायला फौजेत शिकलो."

हशा थांबला होता. जनरलनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "बसा, जवान." काका बसला नाही. वकिलाने बाही ओढली तेव्हा बसला.

निकालाचा कागद पोस्टाने आला. काकीने तो माझ्या हातात दिलाच नाही. "तू नको," म्हणाली. पोरगी आता नर्स आहे, त्याच इस्पितळात जिथे आई आया होती. तिने वाचला. मेडिकल बोर्डाचं मत रद्द. अपंगत्व 'ॲट्रिब्यूटेबल टू मिलिटरी सर्व्हिस'.

"मराठीत," काकी म्हणाली.

"फौजेच्या नोकरीमुळे झालं. नोकरीमुळे, आई. पिंडामुळे नाही."

"शब्द?"

"काढलाय. हे बघ, लिहिलंय, सेट असाईड."

काकीने तिला तीनदा वाचायला लावलं. मग वाकड्या मनगटाने कागद धरून स्वतः बघत बसली. इंग्रजी तिला येत नाही, पण कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते पोरीने दाखवलं होतं. काका खिडकीपाशी होता.

"म्हणजे तुझ्यात नाही," तो पोरीला म्हणाला.

"माझ्यात आहेच," पोरगी म्हणाली. कपाळावरची खूण चोळत होती. "पण तो लाटण्याचा आहे. आईकडून आलाय."

काकी तिच्यावर हात उगारून उठली, हसत होती, आणि उगारलेला हात तसाच ठेवून रडायला लागली. काका पटकन पट्ट्याच्या खिळ्याकडे सरकला, सवयीने.

मी शिरा आणायला म्हणून खाली उतरलो. वाटेत शाळेच्या लायब्ररीत गेलो आणि ॲट्रिब्यूटेबल डिक्शनरीत काढून बघितलं. बरोबर होतं. दुसऱ्या डिक्शनरीतही बघितलं, आणि मगच हलवायाकडे गेलो.